न घातलेले सांधे

मॉड्युलर किचनचं पॅनेलचं शटर सीएनसी राउटरवर बघता बघता तयार होतं. एमडीएफचा १८ मिमीचा सलग तुकडा टेबलावर घट्ट बसवायचा. मिनिटाला १८,००० फेरे घेणारं बिट मधला भाग पाच-सहा मिमी खरवडून काढतं. जिथे एकही सांधा नाही तिथे चौकट दिसू लागते, आणि तिच्यात बसवल्यासारखी फळीही. न घातलेले सांधे असे मिरवणं ही लबाडी म्हणायची का?

सागवानी दाराला ती चौकट हौसेपोटी आलेली नव्हती. लाकूड पावसाळ्यात रेषांच्या आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. म्हणून मधली फळी खाचेत सरस न लावता सैल ठेवायची; ती आतल्या आत हलते आणि दाराचं माप फारसं बिघडत नाही. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू राळेत दाबून केलेला तक्ता. त्याला रेषाच नाहीत, तेव्हा या युक्तीची गरजही नाही.

इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ साली ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये वास्तूतल्या लबाडीचे तीन प्रकार सांगितले: खरी नसलेली रचना किंवा आधार भासवणं, एका वस्तूला दुसरीचं सोंग देणं आणि साच्यातली किंवा यंत्राची नक्षी वापरणं. हे शटर पहिल्या आणि तिसऱ्या कलमात सरळ अडकतं. पण पळवाट रस्किननेच ठेवली आहे. इमारतीवरचा सोन्याचा मुलामा त्याच्या मते फसवणूक नव्हे, कारण तिथे त्याला कोणी सोनं समजत नाही. दागिन्यावर तोच मुलामा फसवणूक ठरतो.

मग कार्ल्याच्या लेण्याचं काय? तिथलं चैत्यगृह अखंड कातळात कोरलेलं आहे. छताला कशाचाच टेकू लागत नाही, तरी कमानीखाली लाकडी फासळ्या बसवल्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांनंतरही त्या तिथे आहेत. भाजे लेण्यात तर खांबच आत कललेले, जणू लाकडी छपराचा रेटा पेलताहेत. तिथल्या बौद्ध भिक्षूंना कोणी फसवत होतं असं म्हणवत नाही. चैत्य असाच दिसतो, एवढाच त्याचा अर्थ असावा.

शटरची परीक्षा त्याच्या कोपऱ्यात होते. बिट गोल, त्यामुळे आतला कोपरा गोलच उरतो. तो तसाच ठेवला तर यंत्राने आपली सही केलेली असते. पटाशीने तो काटकोनात आणणाऱ्या कारागिराची सफाई वाखाणण्याजोगी खरी, पण रस्किनचा आक्षेप लागू पडतो तो तिथेच.

पांढरा पीयू पेंट मारलेल्या शटरला कोणी सागवान समजत नाही. त्यावर सागाच्या रेषांची फॉइल चढवून ‘वुडन फिनिश’मधलं दुसरं पद हळूच गिळलं, की मुलामा दागिन्यावर आला. सिंकखालच्या शटरची कड पाणी पिऊन फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला उलगडा होतो. तोवर बिल चुकतं झालेलं असतं.