समुद्र कोणाचा?

जे सर्वांचे आहे, त्यातून आपण किती घ्यावे? हा प्रश्न ग्रंथांत जितका दुर्घट भासतो, तितका निवतीसारख्या आडबाजूच्या मच्छीमार गावात भासत नाही. तेथील रापणीचे लांबलचक जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्याकडे ओढावयाचे म्हणजे अनेक हातांचे काम. म्हणून दोर ओढणाऱ्यास मासळीचा वाटा मिळतो.

सामाईक संपत्ती लोभाने नष्ट होते, खासगी मालकी अथवा कायद्याची सक्ती हेच त्यावर उपाय, असे गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली प्रतिपादिले. शेजारी आपसांत नियम करतात व पाळतातही, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. रापण त्यांच्याच बाजूने साक्ष देते. परंतु ही न्यायबुद्धी केवळ सद्गुणातून उपजते काय? मला तसे वाटत नाही. ज्याचा वाटा आज बुडवावा, त्याच्याच शेजारी उद्या दोराला हात लावावयाचा असतो. लहान गावात तोंड लपवावयास जागा नसते.

दुरून येऊन पर्ससीन जाळ्याने मासळीचे थवेच्या थवे उचलणाऱ्या नौकेला हा संकोच कोठून असणार? महाराष्ट्रात 1981 साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला खरा. पण कायदा नौकेला अडवितो, मागणीला नव्हे. नागपुरात बसून बर्फातली सुरमई घेणारे आपणही तोच दोर ओढीत असतो. फरक इतकाच की, शेजारी कोण उभा आहे हे आपणांस दिसत नाही. न दिसणाऱ्याचा वाटा राखता येईल, तेव्हाच आपल्या न्यायबुद्धीला सद्गुण म्हणता येईल.