पाणी घालणारा हात

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशात पडीक भूखंडांवर, रस्त्यांच्या कडेला भांगेचे झाड कोणीही न लावता उगवते. त्याची कोणी दखल घेत नाही. तेच झाड एखाद्याने कुंडीत लावून त्याला पाणी घातले, की तो मनुष्य अपराधी ठरतो. झाड एकच, मग अपराध कशात आहे?

1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, म्हणजे गांजा, आणि त्याची राळ, म्हणजे चरस, निषिद्ध मानली; नुसती पाने व्याख्येबाहेर ठेवली. म्हणूनच उत्तर प्रदेशात भांगेची दुकाने सरकारी परवान्याने चालतात. लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार कलम 10 अन्वये राज्यांकडे आहे. परवान्याविना लागवड मात्र गुन्हाच होय. आपोआप उगवलेली झाडे म्हणजे लागवड नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका खटल्यात या शतकाच्या आरंभी स्पष्ट केले. म्हणजे अपराध झाडात नाही, हेतूत आहे. पाणी घालणाऱ्या हातात आहे.

हे तत्त्व मान्य केले तरी शिक्षेचे माप बुचकळ्यात टाकते. एक किलोहून कमी गांजा बाळगणाऱ्यास जास्तीत जास्त एक वर्षाचा कारावास आहे. लागवड करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड. लागवडीच्या कलमात रोपांच्या संख्येची पायरी नाही. परिणामी, चोरट्या व्यापाऱ्याला पैसे मोजणारा ग्राहक कायद्याच्या लेखी किरकोळ ठरतो, आणि त्या व्यापाराला एक पैसाही न देणारा, स्वतःपुरते एक रोप वाढवणारा मोठा गुन्हेगार ठरू शकतो.

लागवड हे व्यापाराचे मूळ आहे, असे यावर उत्तर दिले जाते. ते निराधार नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रेटर नोएडातील एका सदनिकेत कृत्रिम प्रकाशात, विक्रीसाठी चाललेली गांजाची लागवड पोलिसांनी उघडकीस आणली. तथापि विक्रीसाठी लावलेली बाग आणि स्वतःसाठी लावलेली कुंडी यांत भेद करणे न्यायबुद्धीला अशक्य नसावे. ब्रिटिश सरकारने 1893 मध्ये नेमलेल्या आयोगानेही मर्यादित सेवन आणि अतिरेक यांत भेद केला होता व सरसकट बंदीची शिफारस केली नव्हती.

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने 2018 मध्ये त्याच हक्काच्या आधारे प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या सेवनासाठी खासगी जागेत केलेली लागवड गुन्ह्यातून वगळली. मात्र घर म्हणजे केवळ एका प्रौढाचे स्वातंत्र्य नव्हे. एका खोलीच्या घरात एकाचा धूर मुलांच्याही श्वासात जातो. शिवाय खासगीपणाला भिंती लागतात. गच्ची असलेल्या बंगल्यात त्या मिळतात, यमुनेकाठच्या झोपडीत मिळत नाहीत. केवळ ‘घर’ या शब्दावर उभारलेली सवलत ही घर असलेल्यांचीच सवलत ठरेल.

म्हणून खरा प्रश्न परवानगी की बंदी एवढाच नाही. ज्याने दुसऱ्याचे काही हिरावले नाही, त्याच्या आयुष्यातून राज्याने किती वर्षे काढून घ्यावीत, हा तो प्रश्न आहे. स्वतःला इजा करणाऱ्याला समाज अडवू शकेल, समजावू शकेल, उपचारही देऊ शकेल. पण त्या इजेहून मोठी इजा त्याला शिक्षा म्हणून देताना, रक्षण नेमके कोणाचे होत आहे हे समाजाला सांगता आले पाहिजे.