मातृभाषेची साक्ष



झिरकपूरच्या चौकात उभे राहिले, की भाषेच्या प्रश्नाचा नकाशाच समोर येतो. हे गाव पंजाबात; शेजारचे पंचकुला हरियाणात; आणि दोन्ही राज्यांची राजधानी असलेले चंडीगड मात्र केंद्रशासित. 1 नोव्हेंबर 1966 रोजी ही वाटणी झाली. तिच्या आधी शिरगणतीच्या कागदावर जे घडले, त्याकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते.

1951 साली पंजाबात मातृभाषेवरून इतका वाद माजला, की हिंदी, उर्दू, पंजाबी व पहाडी यांचे आकडे एकत्रच द्यावे लागले. 1961 मध्येही घरी पंजाबी बोलणाऱ्या असंख्य हिंदूंनी आपली मातृभाषा हिंदी असल्याचे सांगितले. आईची भाषा माणसाने का नाकारावी? यास असत्य म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पंजाबी म्हटले तर शिखांचे राज्य होईल व त्यात आपण परके ठरू, ही भीती त्यामागे होती. शिखांचीही व्यथा होती: 1956 मध्ये इतरांना भाषावार राज्ये मिळाली, त्यांची मागणी मात्र नाकारली गेली. पुढे न्यायमूर्ती शाह यांच्या आयोगाने सीमा सुचविताना 1961 चेच आकडे आधारास घेतले. भीतीपोटी दिलेले उत्तर असे जमिनीवर रेघ होऊन उमटले.

शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात 'शिब्बोलेथ' या एका शब्दाच्या उच्चारावरून यार्देनेच्या उतारावर माणसे मारली गेली. भाषांतरकाराला हा शब्द भाषांतरित करताच येत नाही. तो तसाच ठेवावा लागतो, कारण तेथे अर्थाला नव्हे, जिभेला महत्त्व आहे. ही कथा आपण रानटी काळाची समजून वाचतो. परंतु नोव्हेंबर 1984 मध्ये दिल्लीत पगडी पाहून शिखांना मारले गेले, आणि जुलै 1987 मध्ये झिरकपूरपासून फार दूर नसलेल्या लालडूनजीक बस अडवून हिंदू प्रवाशांना.

भाषावार राज्यांनी देश फुटेल, असे भाकीत पुष्कळांनी केले होते. ते खरे ठरले नाही. मला वाटते, भाषा मान्य केल्याने नव्हे, तर ती धर्माची खूण ठरविल्याने पंजाब रक्तबंबाळ झाला. मतपेटीइतकीच लोकशाहीला अशा उत्तराची गरज असते, जे देताना माणसाला शेजाऱ्याची धास्ती वाटत नाही.

आपल्याही घरी प्रगणक येईल. वसईतील सामवेदी बोलणारे कुटुंब त्याला काय सांगेल? आणि ते ऐकून आपण प्रमाण मराठीवाले नाक मुरडू काय?