कुंडींतला वसंत

सौंदर्याची आवड हा सद्गुण मानावा कीं निव्वळ रुचि, हा प्रश्न जुना आहे. परंतु त्याचा निकाल ग्रंथांपेक्षां ओटीवरच्या फुलांच्या कुंडीपाशीं अधिक स्पष्ट लागतो, असें आम्हांस वाटतें.

पेण व रोहा यांच्या दरम्यान असलेल्या निडीकडचाच मुलूख घ्या. फाल्गुनांत तेथील डोंगरउतारांवर पळस, पांगारा, काटेसावर हीं झाडें निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलें धारण करून उभीं असतात. त्यांना कोणीं पाणी घातलेलें नसतें. त्यांचीं मुळें खोल जाऊन ओलावा शोधून काढतात. त्याच दिवसांत एखाद्या घरच्या ओटीवर कुंडी फुललेली असते : मागें उंच झिनिया, मध्यें फ्लॉक्स, कडेवरून ओघळणारा पिटुनिया. पाऊस सरल्यावर तळाच्या छिद्रावर खापरी ठेवून, पोयटा, वाळू व जुनें शेणखत भरून हीं रोपें लावलेलीं असतात. शोभेंत ही कुंडी डोंगराला हार जाणार नाहीं. भेद आहे तो निराळाच. डोंगरावरचें झाड स्वतंत्र, कुंडींतलें परतंत्र. वीतभर मातीबाहेर त्याच्या मुळांना गति नाहीं, आणि भाजलेल्या मातीच्या अंगांतूनही पाणी उडून जातें. हें पारतंत्र्य आपण आपल्या आनंदासाठीं निर्माण केलेलें असतें. म्हणून त्या तहानेचे ऋणकोही आपणच.

हें ऋण फेडतो कोण? रायगड जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरी उन्हाळा लागतांच पेणच्या खारेपाटांतील गांवांत पिण्याच्या पाण्याची ओरड वर्षानुवर्षें होत आलेली आहे, आणि हंडा बहुधा स्त्रीच्याच डोक्यावर असतो. ओटीवर बसून फुलांची वाहवा करणारा एक व त्यांच्यासाठीं पाणी वाहणारी दुसरी, अशी वांटणी जेथें असेल, तेथें रसिकता ही परक्याच्या श्रमांवरची चैन ठरते.

कोणी म्हणेल, हीं फुलें उन्हानें करपणारच. दोन-तीन महिन्यांच्या जिवाचें एवढें काय? पण आयुष्य आखूड असल्यानें त्याच्याविषयींचें कर्तव्य आखूड होत नाहीं. दुसरा म्हणेल, मग कुंडी लावूंच नये. तेंही आम्हांस मान्य नाहीं. घराला शोभा आणणें हेंही सत्कर्मच. मात्र आपल्या हातांनीं जितक्यांना पाणी घालतां येईल तितक्याच कुंड्या लावाव्या, तांदूळ-भाजी धुतलेलें पाणी आधीं त्यांना द्यावें, आणि ज्याला फुलें आवडतात त्यानेंच तांब्या उचलावा. रुचीचा सद्गुण होतो तो तेव्हां.