गुनाह आणि गुन्हा

आमच्या घरात हे दोन्ही शब्द ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. खोटे बोललो की अम्मी म्हणायची, 'गुनाह लगता है.' चौकात पोलिसांची गाडी दिसली की लोक म्हणायचे, 'गुन्हा दाखल झालाय.' मूळ शब्द एकच, फारसी. उर्दूत तो पाप झाला, मराठीत रुळला आणि कायद्याचा अपराध झाला. एकाचा हिशेब आखिरतमध्ये, दुसऱ्याचा पोलीस ठाण्यात. या दोन शब्दांच्या मध्ये जी जागा उरते, तिथेच माणसांची बरीचशी दुःखे मुक्काम करून असतात, हे कळायला मात्र आम्हाला उतारवय यावे लागले.

एखादी गोष्ट वाईट आहे एवढ्याने ती गुन्हा होत नाही. कुणी हातउसने घेतलेले पैसे बुडवले तर ते सामान्यतः दिवाणी प्रकरण. दावा लावा आणि तारखा मोजत बसा. त्याच पैशांसाठी दिलेला चेक वटला नाही आणि नोटीस देऊनही रक्कम आली नाही, तर मात्र १९८९पासून तो फौजदारी गुन्हा आहे, आज त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माणूस तोच, बुडवलेला पैसाही तोच. फक्त खाना बदलला.

फौजदारीतही पुन्हा दोन खाने आहेत, दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र असेल तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र असेल तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासही करता येत नाही, नोंद करून हाती एक कागद दिला जातो. लोक त्याला 'एनसी' म्हणतात. नुसत्या हाताने मारून साधी दुखापत केली तर अदखलपात्र, धारदार हत्याराने केली तर दखलपात्र. १ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण हे खाने तसेच राहिले.

हे खाने आभाळातून पडलेले नाहीत. आपल्या फिकहनेही अपराधांची वर्गवारी केली होती: हुदूद, किसास आणि ताजीर. किसासमध्ये खुनाला माफी देण्याचा अधिकार मयताच्या वारसांकडे होता. बंगालमध्ये कंपनी सरकारने अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो काढून घेतला. गरीब वारसाला पैसा चारून किंवा धमकावून माफी मिळवता येते, हा आक्षेप खोटा नव्हता. पण त्या दिवसापासून खटल्याचा मालक बदलला. आज खटला 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असा पुकारला जातो. ज्याच्यावर जुलूम झाला तो त्यात साक्षीदार म्हणून उभा असतो.

खाने करणारा हात नेहमी न्यायीच असतो असेही नाही. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी सबंध जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्या कलंकातून त्या कायद्याने सुटल्या १९५२मध्ये. व्यभिचार दीडशेहून अधिक वर्षे गुन्हा होता, सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ते कलम रद्द केले. तो गुनाह नाही, असे न्यायालय म्हणाले नाही. तसे म्हणणे त्याचे कामच नव्हते. २०२३च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदींतली फौजदारी शिक्षा काढली किंवा सौम्य केली. उद्योग-व्यापाराला कैदेची भीती नसावी, हे त्यामागचे एक कारण होते. म्हणजे कुणाला कशाची भीती असावी आणि कुणाला नसावी, हेही या खान्यांतूनच ठरते.

इथवर आम्ही पुस्तकातले बोललो. आता मोहल्ल्यातले सांगतो.

आमच्या मोहल्ल्यातली एक लेक. नवऱ्याने मारले म्हणून एका रात्री सुजल्या तोंडाने ठाण्यात गेली. सकाळी तो एनसीचा कागद घेऊन आमच्याकडे आली. 'चाचा, यात काय लिहिलंय?' आम्ही वाचून दाखवले. 'अदखलपात्र' या शब्दावर ती थांबली. 'म्हणजे दखल घ्यायच्या लायकीचं नाही?' आम्ही कायद्याचा अर्थ समजावू लागलो. खरे तर बायकोचा छळ हा दखलपात्र गुन्हा होता, ते कलम लावता आले असते. पण लिहिणाऱ्याने थापडा मोजल्या, त्यामागची वर्षे मोजली नाहीत. आम्हीही 'सब्र कर' म्हणून तिला परत पाठवले.

पुढे नवऱ्याने फोनवर तीनदा तो शब्द उच्चारला आणि तिला दोन लेकरांसह घराबाहेर काढले. तोवर २०१९चा कायदा आला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तलाक रद्दबातल ठरवला होता, नव्या कायद्याने तो उच्चारणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा केला. पत्नीने किंवा तिच्या नातलगाने कळवले तर दखलपात्र. तिने तक्रार दिली. त्या संध्याकाळी मोहल्ल्यातली चार जाणती माणसे तिच्या दारात गेली. त्यांत आम्हीही होतो.

आमच्याजवळ युक्तिवाद होते आणि ते आजही आम्हाला पोकळ वाटत नाहीत. जो शब्द कायद्याने निष्फळ आहे, ज्याने निकाह तुटतच नाही, त्याच्यासाठी तुरुंग कशाला? तलाक न देताच बायकोला टाकून देणारे नवरे सगळ्या धर्मांत आहेत, त्यांचे हे टाकणे दिवाणी बाब आणि आमचेच तेवढे फौजदारी का? कमावणारा आत गेला तर पोटगी कोण देणार? पण आम्ही तिच्या दारात बोललो ते यातले काहीच नव्हते. आम्ही म्हणालो, 'तक्रार मागे घे, समाजाची बदनामी होते.'

ती म्हणाली, 'चाचा, मारलं तेव्हा तो गुन्हा नव्हता, सोडलं तेव्हा झाला. ते सरकारचं सरकारला माहीत. पण तुम्हाला तरी तेव्हा तो गुनाह वाटला होता का? वाटला असता तर त्याच्या दारात गेला असतात. आज माझ्या दारात आलात.'

आमच्यापैकी कुणाजवळ उत्तर नव्हते.

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला तेव्हा मागणी सरकारकडे होती, पण प्रश्न समाजालाही होता. त्याला आपण वेळेवर उत्तर दिले असते, आपल्या जमातीने असा तलाक देणाऱ्याच्या घरची दावत तरी नाकारली असती, तर तो प्रश्न आज पोलीस ठाण्याच्या टेबलावर असता का? समाज आपल्या खान्यातले काम टाकून देतो तेव्हा राज्य ते उचलते, आणि राज्याच्या हाती अवजार एकच, बेडी. ती नेमकी बसेलच असे नाही. बेडीला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण तो आधी स्वतःचे काम केलेल्याला शोभतो.

म्हणून आम्हाला वाटते, कुठल्याही वर्गवारीला दोन प्रश्न विचारावेत. हा खाना दुबळ्याची दखल घेतो, की फक्त कुणाला शरमिंदा करतो? आणि कायदा ज्याला गुन्हा म्हणत नाही, त्याचा जाब मागायला मागे कोण उरते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मजहबने कधीच देऊन ठेवले आहे. हुकूकुल्लाहमधली चूक अल्लाह माफ करील, पण हुकूकुल इबाद, बंद्यांचे हक्क, यांची माफी ज्याचा हक्क मारला त्याच्याकडूनच मिळवावी लागते, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या लेकीला पुढे न्यायालयातून खर्च मंजूर झाला. खटल्याच्या तडजोडीचा अधिकार कायद्याने तिच्याच मर्जीवर ठेवला आहे. तिने काय करावे, हे आता आम्ही तिला सांगत नाही.

आमचा स्वतःचा हिशेब मात्र बाकी आहे. त्या पहिल्या सकाळी तो कागद वाचून आम्ही तिला परत पाठवले, हा कुठल्याही संहितेत गुन्हा नाही, दखलपात्र नाही आणि अदखलपात्रही नाही. त्याची माफी मागायला तिच्याच दारात जावे लागेल. या खेपेला एकटे.