नेम संपतो तिथून पुढे

आमच्या घरात आजोबांची ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. ज्वारी हुरड्यावर आली की ते चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवायचे आणि साच्यात ओतून गोळ्या पाडायचे. गार झालेले ते चकचकीत मणी आम्ही पोरं मुठीत घेऊन हिंडायचो. नेम चुकून जनावर जायबंदी झालं तर आजोबा रात्री जेवत नसत. नेम बसला की निवांत झोपत. चांगलं काय आणि वाईट काय, याचा त्यांचा सगळा हिशेब नेमापाशी संपायचा.

यंदा रानडुकरांनी चुलतभावाचा मका लोळवला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पण उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली वनखात्याचा अधिकारी विशिष्ट प्राणी मारायची परवानगी देऊ शकतो. भावाने तसा अर्ज लिहिला आणि सामायिक जमीन म्हणून माझी सही मागितली. मी म्हटलं, "दोन दिवस थांब."

त्या दोन दिवसांत कामानिमित्त हिवरे बाजारला जाणं झालं. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने १९८९ नंतर उभं राहिलेलं हे नगर तालुक्यातलं गाव सगळ्यांना माहीत आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही सूत्रंही पाठ असतात. चराईबंदीचा अर्थ मात्र मला तिथल्या डोंगरउतारावर उभं राहिल्यावर कळला. गवत गुरांनाच जातं, फक्त विळ्याने कापून, भारा बांधून घरी न्यायचं. गवत तेच, गुरांची भूकही तीच. पण मोकळं सोडलेलं जनावर गवताबरोबर शेजारचं कोवळं रोपही खातं. गुराख्याला रोप मारायचं नसतं. त्याचं तिकडे लक्षच नसतं. ते नुकसान कुणी ठरवून केलेलं नसतं, म्हणून कुणाच्या नावावर पडत नाही. या गावाने ते सगळ्यांच्या नावावर मांडलं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा नियमही त्याच जातीचा: खोलवरचं पाणी मी उपसतो, विहीर दुसऱ्याची आटते.

परतताना आजोबांची पळी आठवली. शिसं मऊ आणि जड, म्हणून गोळीला सोयीचं. पण रायफलची वेगवान शिशाची गोळी हाडामांसावर आदळली की फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरतात. जनावर जखमी होऊन ओढ्यात जाऊन मेलं, किंवा आतडी तिथेच टाकून दिली, तर ते कण मांस खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जातात. गिधाडाच्या जठरातलं तीव्र आम्ल शिसं विरघळवतं आणि ते रक्तात उतरतं. अमेरिकेतले कॅलिफोर्निया कॉन्डॉर १९८७ साली अवघे २७ उरले होते. बंदिवासात वाढवून ते पुन्हा सोडले, तेव्हाही त्यांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण शिसंच ठरलं. अखेर २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. आपली गिधाडं गोळीने गेली नाहीत; ती गेली गुरांना दयेपोटी दिलेल्या डायक्लोफिनॅकने, ज्याचा जनावरांसाठीचा वापर २००६ साली बंद झाला. तिथे हातात बंदूक होती, इथे औषध. पण दोन्हीकडे मेला तो, ज्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

मग तांब्याची गोळी वापरली की झालं? ती सहसा फुटत नाही. टोक पाकळ्यांसारखं उमलतं आणि गोळी जवळजवळ अखंड राहते. पण तांबं शिशाहून हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि ती स्थिर जायला नळीतले आटे जास्त पिळाचे लागतात. शिवाय पुरेसा वेग नसेल तर ती उमलतच नाही. बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जनावर तडफडत दूर पळतं. म्हणजे गिधाडाचं देणं फेडताना डुकराचं देणं थकू शकतं. त्यावर उपाय धातूत नाही, माणसात आहे: जवळ जायचं, खात्री नसेल तर चाप ओढायचा नाही.

बिनविषारी गोळीने मारणं निर्दोष होत नाही. एवढंच की ज्याच्यावर नेम धरला नव्हता, तो वाचतो. आणि स्वच्छ साधनाचा एक धोकाही आहे: हात स्वच्छ वाटले की ते अधिक सहज उचलले जातात.

भावाला हे सांगितलं तर तो हसला. "आता गोळीचंही श्राद्ध घालायचं का? माझा मका गेलाय." त्याचं खरं होतं. वर्षाचं पीक गेलेल्या माणसाला गिधाडाची गोष्ट सांगणं मलाही अवघड गेलं. आमच्या शिवारात तांब्याची गोळी आणायला कुणी जाणार नाही, हेही मला ठाऊक होतं.

मी सही केली. अर्जाखाली एक ओळ वाढवली: जखमी जनावराचा माग शेवटपर्यंत काढू आणि मेलेलं जनावर उघड्यावर टाकणार नाही. भावाने ती वाचली, थोडा थांबला आणि म्हणाला, "माग काढायला मग तूही यायचंस."

मी हो म्हटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.