वकीलपत्र कोणाचे घ्यावे?

'वकील' हा शब्द अरबीतला. ज्याच्यावर आपण आपले काम विश्वासाने सोपवतो, तो वकील. पण आम्ही उर्दू शाळेत दहावीच्या मुलांना पुढे काय व्हायचे असे विचारतो, तेव्हा वकिलीचे नाव क्वचितच निघते. निघालेच तर पालक म्हणतात, "नको सर, त्यात खोटे बोलावे लागते. गुन्हेगाराला सोडवावे लागते."

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जो दोषी आहे असे मनातून वाटते, त्याचे वकीलपत्र घेणे नीतीला धरून आहे काय?

बारावीनंतर 5 किंवा पदवीनंतर 3 वर्षे कायदा शिकायचा, सनद घ्यायची, बार कौन्सिलची परीक्षा द्यायची. खरे शिक्षण पुढे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली होते. मग वाटा फुटतात. कोणी खरेदीखते, मृत्युपत्रे करतो. कोणी कंपन्यांना सल्ला देतो आणि कोर्टाची पायरीही क्वचितच चढतो. आमचा प्रश्न फौजदारी वकिलांचा आहे. सनद सारखीच, पण एक सरकार पक्षाचा, दुसरा आरोपीचा. लोकांना वाटते, पहिला न्यायाचा आणि दुसरा गुन्ह्याचा.

बार कौन्सिलचे नियम तसे मानत नाहीत. सरकारी बाजू मांडणाऱ्याने निरपराधाला शिक्षा होणार नाही अशा रीतीने खटला चालवावा, आरोपीच्या बाजूचा पुरावा दडवू नये, असे ते सांगतात. आरोपीच्या वकिलाने स्वतःचे मत बाजूला ठेवून बचाव करावा, असेही सांगतात. निकाल न्यायाधीशाने द्यायचा. तो वकिलानेच आधी देऊन टाकला, तर कोर्ट कशाला हवे?

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर कसाबला वकील मिळेना. कोर्टाला नेमावा लागला. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण त्याच खटल्यात फहीम अन्सारी हाही आरोपी होता. त्याची बाजू अ‍ॅड. शाहिद आझमी लढवत होते. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातील कार्यालयात गोळ्या घालून त्यांचा खून झाला. मे 2010 मध्ये फहीम निर्दोष ठरला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली आणि फहीमची सुटकाही. त्याचे वकीलपत्र कोणी घेतलेच नसते तर?

आरोपीचा बचाव न करण्याचे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये बेकायदा ठरवले, ते उगाच नव्हे.

तरीही एक टोचणी उरते. कधी खरा गुन्हेगारही सुटतो. ज्या आईचा मुलगा मारला गेला, तिला आम्ही काय सांगणार? एवढेच, की पुरावा गोळा करणे तपास यंत्रणेचे आणि तो नीट मांडणे सरकारी वकिलाचे काम होते. ते कच्चे राहिले, हे दाखवून देणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. साक्षीदार पढवणे, कागद बनवणे, दुसऱ्यावर आळ घेणे हे खोटे. बचाव आणि बनाव यांतली ही रेघ ज्याला दिसत नाही, त्याने काळा कोट घालू नये.

आणि वकिलीत खोटे फार आहे असे पालकांना खरेच वाटत असेल, तर खरे बोलणारी मुले तिकडे पाठवायला नकोत काय?